कोजागरीच्या संध्याकाळचा स्फोट

९ ऑक्टोबर २०२२. रविवार, आणि कोजागरी पौर्णिमा. त्या संध्याकाळी मी ड्यूटीवर होते. ओपीडी बंद होती, पण वॉर्ड आणि कॅज्युअल्टी यांना सणवार नसतो. रुग्णालयाच्या गच्चीवर सिस्टर आणि निवासी डॉक्टर मुलांची मसाला दुधाची तयारी चालली होती. सूर्य मावळून अर्धा तास झाला होता, पूर्वेला चंद्र वर येत होता. नेमक्या त्याच सुमारास, ६ वाजून ४७ मिनिटांनी, आपल्या डोक्यावरच्या आकाशातून गॅमा किरणांचा एक प्रचंड लोट पृथ्वीवर येऊन आदळला. अशा स्फोटांची नोंद ठेवायला सुरुवात झाल्यापासून इतका प्रखर गॅमा किरण स्फोट दुसरा दिसलेला नाही. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे असा योग दहा हजार वर्षांतून एखाद्या वेळी येतो.

‘डोक्यावरच्या’ हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. स्फोटाची आकाशातली जागा आणि वेळ प्रसिद्ध आहे. त्यावरून गणित मांडलं, तर त्या क्षणी ती जागा मुंबईच्या माथ्यापासून फक्त दोन-अडीच अंशांवर येते. हात लांब करून दोन बोटं जोडून धरली तर जेवढं आकाश झाकलं जातं, साधारण तेवढंच अंतर. श्रवण आणि अभिजित या दोन ठळक ताऱ्यांच्या मधला तो पट्टा. आम्ही गच्चीवर होतो, वर बघत होतो, आणि आमच्यापैकी कोणालाही काही कळलं नाही.

कळणार तरी कसं? गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत. पण यंत्रांना कळलं. अमेरिकेच्या ‘फर्मी’ उपग्रहावरचे मापक इतके भरून गेले की काही क्षण त्यांना मोजदादच करता येईना. पृथ्वीभोवतीचा आयनांबर, म्हणजे वातावरणाचा सर्वांत वरचा विद्युतभारित थर, काही तास विस्कटला. भारतातल्या वीज पडल्याची नोंद घेणाऱ्या यंत्रांनाही तो धक्का जाणवला. हे सगळं ज्या स्फोटामुळे झालं, त्याचा प्रकाश आपल्याकडे पोहोचायला सुमारे १९० कोटी वर्षं लागली होती.

आपल्याला काही अपाय झाला का?

वाचक मला आधी हाच प्रश्न विचारतील, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. नाही, झाला नाही. आमच्याकडे हाडांच्या स्कॅनसाठी रुग्णाला टेक्नेशियम नावाचं औषध टोचतात. त्यातून जे गॅमा किरण निघतात, त्याच जातकुळीचे आणि बरेचसे त्याच ताकदीच्या आसपासचे किरण या स्फोटांत असतात. इतकंच काय, फर्मी उपग्रहावरचे मापक सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांचे आहेत आणि अणुवैद्यक विभागातल्या गॅमा कॅमेऱ्यातही तोच स्फटिक असतो. फरक एवढाच, की आपल्या डोक्यावर हवेचं जे ओझं आहे, ते सुमारे दहा मीटर पाण्याइतकं आहे. वजनाच्या हिशेबानं शिशात मोजायचं झालं तर जवळजवळ ९० सेंटिमीटर जाडीचा थर. एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ अर्ध्या मिलिमीटर शिशाचा एप्रन घालून निर्धास्त असतो. आपण सगळे जन्मापासून त्याच्या कित्येक पट जाड एप्रन पांघरून बसलो आहोत. असा स्फोट आपल्याच आकाशगंगेत, अगदी जवळ आणि थेट आपल्या दिशेनं झाला, तर ओझोनच्या थराला धोका पोहोचू शकतो असं गणित सांगतं. पण त्यासाठी झोप घालवण्याचं कारण नाही.

मला या विषयात रस वाटतो त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते माझ्या रोजच्या कामाशी जोडलेलं आहे.

दुखणं थांबलं, खूण राहिली

मध्यमवयीन गृहस्थ येतात. म्हणतात, “डॉक्टर, परवा रात्री छातीत जोरात कळ आली होती. घाम फुटला होता. अर्ध्या तासानं थांबली. आता बरं आहे, पण घरचे ऐकेनात म्हणून आलो.” ते अगदी हसत बोलत असतात. ज्या घटनेनं नुकसान केलं ती होऊन दोन दिवस झालेले असतात. ती मी पाहिलेली नाही आणि आता कधीच पाहणार नाही. मग मी काय करते? रक्तातलं ट्रोपोनिन तपासते. हृदयाचा स्नायू मेला की हे प्रथिन रक्तात उतरतं. काही तासांत वाढतं, शिखर गाठतं, आणि मग आठवडा-दहा दिवसांत हळूहळू ओसरतं. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नमुन्यांवरून ते चढतंय की उतरतंय हे समजतं, आणि घटना कधीची व साधारण केवढी असावी याचा अंदाज बांधता येतो. कळ थांबली, तरी तिची खूण मागे राहते.

गॅमा किरण स्फोटांचंही असंच आहे. मूळ स्फोट काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत संपतो. पण त्या जागी एक ओसरत जाणारा प्रकाश उरतो. आधी क्ष-किरणांत, मग साध्या प्रकाशात, मग रेडिओ लहरींत. इंग्रजीत त्याला ‘आफ्टरग्लो’ म्हणतात. आपण त्याला मागची धग म्हणू. या स्फोटांबद्दल आज आपल्याला जे कळलं आहे, त्यातलं बहुतेक सगळं या धगीवरून कळलं आहे. आणि ही धग पहिल्यांदा पाहायला माणसाला तीस वर्षं लागली. दुर्बिणी लहान होत्या म्हणून नव्हे. निरोप उशिरा पोहोचत होता आणि पत्ता अर्धवट होता म्हणून.

तीस वर्षं पत्ताच मिळेना

गोष्ट सुरू होते शीतयुद्धात. १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. समोरचा करार पाळतो की नाही हे पाहण्यासाठी अमेरिकेनं ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले. अणुस्फोटातून गॅमा किरण निघतात, ते टिपण्याची सोय त्यांच्यावर होती. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी एक झोत टिपला. त्याचा आलेख अणुबॉम्बसारखा नव्हता. पुढे असे आणखी झोत सापडत गेले. वेगवेगळ्या उपग्रहांवर ते किती अंतरानं पोहोचले यावरून हिशेब केल्यावर कळलं, की ते पृथ्वीवरचेही नाहीत आणि सूर्याकडचेही नाहीत. १९७३ मध्ये रे क्लेबेसाडेल, इयन स्ट्राँग आणि रॉय ओल्सन या लॉस अलामोसच्या शास्त्रज्ञांनी अशा १६ स्फोटांची माहिती प्रसिद्ध केली.

मग सुरू झाली अंदाजांची जत्रा. पुढच्या दोन दशकांत शंभराहून अधिक उपपत्ती मांडल्या गेल्या. ज्या आजारावर शंभर औषधं सांगितली जातात, त्याचं कारण कोणालाच ठाऊक नसतं, हे आम्हा डॉक्टरांना पक्कं माहीत आहे.

अडचण साधी होती. गॅमा किरण भिंगातून किंवा आरशातून नेहमीच्या प्रकाशासारखे एकवटता येत नाहीत. त्यामुळे ते नेमके कुठून आले हे सांगणं कठीण. १९९१ मध्ये ‘कॉम्प्टन’ ही गॅमा किरण वेधशाळा अंतराळात गेली. तिच्यावरच्या ‘बॅट्से’ या उपकरणानं नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदवले, म्हणजे जवळजवळ रोज एक. पण प्रत्येकाचा पत्ता कित्येक अंशांनी ढोबळ. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. त्याच्या शेकडो पट क्षेत्र दाखवून “स्फोट यात कुठेतरी झाला” असं सांगितलं, तर खगोलशास्त्रज्ञानं दुर्बीण लावायची कुठे? एखाद्याला हृदयविकाराचा झटका आलाय, घर पुणे जिल्ह्यात कुठेतरी आहे, एवढ्यावर रुग्णवाहिका पाठवण्यासारखं ते होतं.

बॅट्सेनं एक गोष्ट मात्र दाखवली. स्फोट आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले होते. आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात त्यांची गर्दी नव्हती. पोलंडचे बोहदान पाचिन्स्की म्हणत, याचा अर्थ ते आकाशगंगेच्या फार फार बाहेरचे आहेत. विरुद्ध बाजूचे म्हणत, इतक्या दुरून इतके प्रखर दिसायला लागणारी ऊर्जा अशक्य कोटीतली आहे, तेव्हा ते आपल्याच आकाशगंगेच्या भोवतालचे असणार. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टनला पाचिन्स्की आणि डोनाल्ड लॅम्ब यांचा यावर जाहीर वाद झाला. दोघांचीही बाजू नेटकी होती, आणि निकाल लावायला कोणाकडेही पुरावा नव्हता.

२८ फेब्रुवारी १९९७

पुरावा आणला एका मध्यम आकाराच्या उपग्रहानं. इटली आणि नेदरलँड्स यांनी मिळून १९९६ मध्ये ‘बेप्पोसॅक्स’ सोडला होता. त्याच्यावर दोन तऱ्हांची उपकरणं होती. एक आकाशाच्या मोठ्या भागावर नजर ठेवून क्ष-किरणांत स्फोटाची जागा बऱ्यापैकी अचूक सांगणारं. दुसरी उपकरणं लहान भागाकडे बारकाईनं पाहणारी. म्हणजे कॅज्युअल्टीत आधी सगळ्यांकडे नजर टाकणारा ड्यूटी डॉक्टर, आणि मग ज्याला गरज आहे त्याला तपासणारा तज्ज्ञ.

२८ फेब्रुवारी १९९७ रोजी, इटलीत पहाटेचे चार वाजत असताना, एक स्फोट नोंदला गेला. तिथल्या चमूनं जागा काढली, आणि उपग्रह वळवून आठ तासांच्या आत बारीक नजरेची उपकरणं तिकडे रोखली. तिथे क्ष-किरणांचा एक नवा ठिपका होता. ३ मार्चला पुन्हा पाहिलं, तेव्हा तो सुमारे वीस पट मंदावला होता.

दरम्यान ॲमस्टरडॅमचे यान फान पाराडाइस आणि टायटस खालामा व पॉल खरोट हे त्यांचे दोन विद्यार्थी यांच्याकडे पत्ता पोहोचला होता. कॅनरी बेटांवरच्या ४.२ मीटरच्या विल्यम हर्शल दुर्बिणीनं त्याच रात्री, स्फोटानंतर सुमारे २१ तासांनी, त्या जागेचं चित्र घेतलं. ८ मार्चला दुसरं घेतलं. दोन चित्रं शेजारी ठेवल्यावर एक ठिपका पहिल्यात होता आणि दुसऱ्यात नव्हता. तीस वर्षं शोधत असलेली धग ती हीच. यासाठी लागलेली दुर्बीण दहा वर्षं तिथेच उभी होती. नवीन गोष्ट एकच घडली होती. योग्य पत्ता एका दिवसाच्या आत योग्य माणसांच्या हाती पडला होता.

कुरुंदवाडचा धागा

पुढच्या दहा आठवड्यांत उरलेला वाद मिटला. ८ मे १९९७ ला आणखी एक स्फोट झाला. पुन्हा बेप्पोसॅक्सनं पत्ता दिला. या वेळी हवाई बेटावरची दहा मीटरची केक दुर्बीण धगीकडे वळली. कॅल्टेकच्या ज्या गटानं हे काम केलं, त्यात मार्क मेट्झगर, जॉर्ज जॉर्गोव्हस्की यांच्याबरोबर श्रीनिवास कुलकर्णी होते. कुलकर्णींचा जन्म आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, शालेय शिक्षण हुबळीचं. त्यांना २०२४ मध्ये खगोलशास्त्रासाठी शॉ पुरस्कार मिळाला.

त्यांनी धगीच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. त्यात लोह आणि मॅग्नेशियम यांनी शोषलेल्या प्रकाशाच्या काळ्या रेघा होत्या, पण जागच्या सरकलेल्या. विश्व प्रसरण पावत असल्यानं जितका प्रकाश दुरून येतो, तितक्या या रेघा तांबड्या रंगाकडे सरकतात. सरकलेलं अंतर मोजलं आणि हिशेब लागला. तो प्रकाश किमान ७०० कोटी वर्षं प्रवास करत होता. पाचिन्स्की बरोबर ठरले. स्फोट विश्वाच्या दुसऱ्या टोकाकडचे होते.

त्याच धगीकडे अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतल्या रेडिओ दुर्बिणींनी डेल फ्रेल पाहत होते. सुरुवातीला रेडिओ लहरी लुकलुकत होत्या. महिनाभरानं लुकलुकणं कमी होत थांबलं. यात काय विशेष? रात्री आकाशाकडे पाहा. तारे लुकलुकतात, गुरू-शुक्र स्थिर दिसतात. कारण तारा हा निव्वळ बिंदू असतो, तर ग्रहाला थोडा तरी आकार असतो. लुकलुकणं थांबलं याचा अर्थ धगीचा आकार महिनाभरात वाढला होता. किती वाढला याचा हिशेब केला, तर वेग जवळजवळ प्रकाशाइतका निघाला.

ही धग येते कुठून?

चुलीतल्या निखाऱ्यांसारखी ही उष्णतेची धग नव्हे. मोठा तारा आयुष्याच्या शेवटी आतल्या आत कोसळतो, त्याच्या पोटात बहुधा कृष्णविवर तयार होतं, आणि त्याच्या दोन्ही टोकांकडून पदार्थाचे दोन निमुळते झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं बाहेर फेकले जातात. त्यातला एक झोत आपल्याकडे रोखलेला असेल, तरच आपल्याला गॅमा किरणांचा स्फोट दिसतो. मग हा झोत ताऱ्याभोवतीच्या विरळ वायूवर आदळतो. त्या धडकेत इलेक्ट्रॉन प्रचंड वेग घेतात, चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि प्रकाश सोडतात. झोताचा वेग घटत जातो तशी या प्रकाशाची ताकद उतरते. म्हणून क्ष-किरण आधी, साधा प्रकाश मग, आणि रेडिओ लहरी सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त काळ.

हे उतरणं साधारण ठरलेल्या चालीनं होतं. वेळ दहापट झाला, की तेज दहा ते पंधरा पटींनी कमी. दहा मिनिटांनी पाहिलेली धग शंभर मिनिटांनी दशांशावर येते. उशीर केला तर काय गमावतो, ते यावरून कळावं. पुढे बऱ्याच धगींत एका टप्प्यानंतर उतार एकदम तीव्र होताना दिसला. त्यावरून स्फोट सगळीकडे पसरणारा नसून निमुळता झोत आहे हे पक्कं झालं, आणि अशक्य वाटणारी ऊर्जा शक्यतेच्या आवाक्यात आली. बॅटरीच्या उजेडाला सगळी खोली उजळणारा दिवा समजलं, तर सेलच्या ताकदीचा अंदाज चुकणारच.

तासांवरून सेकंदांवर

मग सगळा प्रयत्न वेळ वाचवण्याकडे वळला. स्फोटाची सूचना आपोआप जगभर पोहोचवणारं जाळं नासानं उभारलं. उपग्रहाला झोत दिसला, की काही सेकंदांत जागेचे आकडे शेकडो वेधशाळांकडे जातात. २३ जानेवारी १९९९ ला अशी सूचना लॉस अलामोसमधल्या ‘रोत्से’ या स्वयंचलित कॅमेऱ्याला मिळाली. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतात तशा लेन्स जोडून तो बनवला होता. स्फोट सुरू झाल्यावर २२ सेकंदांत त्यानं चित्र घेतलं आणि स्फोट चालू असतानाचा प्रकाश पहिल्यांदा टिपला.

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘स्विफ्ट’ उपग्रह गेला. झोत दिसताच तो कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता स्वतः वळतो, आणि मिनिटभराच्या आसपास त्याच्या क्ष-किरण व प्रकाश दुर्बिणी त्या जागेवर असतात. त्यानं २३ एप्रिल २००९ ला पत्ता दिलेल्या एका स्फोटाची धग पाहून कळलं, की तो विश्व अवघ्या ६३ कोटी वर्षांचं असताना झाला होता. १९ मार्च २००८ चा एक स्फोट तर काही सेकंद नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका तेजस्वी झाला, तोही ७०० कोटी प्रकाशवर्षांहून दुरून. त्याचं सुरुवातीपासूनचं चित्र मिळालं, कारण अर्ध्या तासापूर्वी जवळच दुसरा स्फोट झाला होता आणि काही कॅमेरे आधीच तिकडे तोंड करून उभे होते. नशिबाचा भाग होताच. पण नशीब उघडलं तेव्हा कॅमेऱ्याचं झाकण उघडं होतं, हेही खरं.

हानले आणि खोडद

या जाळ्यात आपलेही दुवे आहेत. लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर ०.७ मीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण आहे. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून उभारलेली ही दुर्बीण आपोआप चालते. आरसा लहान असला तरी पृथ्वीवरचं तिचं स्थान मोठं आहे. युरोपात आणि अमेरिकेत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते. रात्रपाळी कोणीतरी करायलाच हवी.

रेडिओ लहरींसाठी जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला ‘जीएमआरटी’ आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिला ढगांची, चंद्रप्रकाशाची किंवा दिवसाची अडचण नाही. डिसेंबर २०१७ मधल्या एका स्फोटाची धग तिथल्या शास्त्रज्ञांनी सुमारे अडीच वर्षं मोजली. मला हे वाचून दीर्घ आजाराच्या रुग्णाची जुनी, जाडजूड फाइल आठवली. आणि अंतराळात आपला ‘ॲस्ट्रोसॅट’ आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली बनलेल्या त्याच्या एका उपकरणानं सहाशेहून अधिक स्फोट नोंदवले आहेत. त्यातले मापक कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे आहेत. हृदयाच्या अणुवैद्यकीय तपासणीच्या नव्या यंत्रांतही हेच मापक असतात.

पहिलं निदान चुकलं

आता पुन्हा त्या कोजागरीकडे येऊ. फर्मीनं ६ वाजून ४७ मिनिटांनी स्फोट नोंदवला, पण स्विफ्टला तो लगेच दिसला नाही. तो भाग स्विफ्टच्या नजरेत आला सुमारे ५३ मिनिटांनी. तोवर मुख्य स्फोट संपला होता. धगच इतकी प्रखर होती की स्विफ्टनं तिलाच नवी घटना मानलं. शिवाय ती जागा आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात येत होती. त्यामुळे पहिली नोंद गेली ती आपल्याच आकाशगंगेतला एखादा नवा क्ष-किरण स्रोत असावा अशी. मग शास्त्रज्ञांनी फर्मीची वेळ आणि स्विफ्टची जागा शेजारी ठेवली, तेव्हा खरी ओळख पटली. हे वाचताना मला कॅज्युअल्टीची आठवण झाली. रुग्ण दिसतो तसा नोंदवावा, पण नोंद बदलायला तयार असावं. आधीच्या पाळीचा कागद नीट वाचावा.

मग मोठ्या दुर्बिणी वळल्या. वर्णपटावरून अंतर कळलं. हानलेच्या दुर्बिणीनंही ही धग मोजली. आत कोसळलेल्या ताऱ्याचा अतिनवतारा दिसतो का, हा पुढचा प्रश्न होता. पण धगीच्या प्रकाशापुढे तो दिसेना. शास्त्रज्ञांनी वाट पाहिली. सुमारे सहा महिन्यांनी जेम्स वेब दुर्बिणीनं पाहिलं तेव्हा धग पुरेशी मंदावली होती, आणि खाली अतिनवतारा सापडला. तो तसा सामान्य निघाला, आणि सोन्यासारखे जड धातू तयार झाल्याची खूण त्यात सापडली नाही. सूज उतरल्यावर पुन्हा तपासायला बोलावतो, तसंच हे. काही वेळा घाई हवी, काही वेळा धीर हवा. कुठे काय हवं हे कळणं म्हणजेच अनुभव.

जड धातूंची खूण मिळाली ती दुसऱ्या जातीच्या स्फोटात. काही स्फोट दोन सेकंदांहून लहान असतात. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी मिळाल्या, आणि १.७ सेकंदांनी एक छोटा गॅमा झोत. तीन लहरमापक चालू असल्यानं पत्ता बऱ्यापैकी आखूड निघाला, आणि अकरा तासांत चिलीमधल्या दुर्बिणीनं जागा शोधली. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ उभी राहते आहे. तिला केंद्र सरकारनं २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. लोक विचारतात, त्याचा उपयोग काय? एक उपयोग हाच. पृथ्वीच्या या बाजूला आणखी एक कान असला, की आवाज कुठून आला हे जास्त नेमकं सांगता येतं, आणि दुर्बिणी वेळेवर वळतात.

रिकामी रात्र वाया जात नाही

या साऱ्या व्यवस्थेला एक कायमची अडचण आहे, आणि सरकारी रुग्णालयात तीसेक वर्षं काढल्यावर मला ती चांगली ओळखू येते. बहुतेक रात्री काहीच घडत नाही. दुर्बीण तयार, माणूस तयार, आणि सूचना येत नाही. हिशेब मांडणाऱ्याला हा खर्च डोळ्यांत खुपतो. स्विफ्ट आता वीस वर्षांहून जुना झाला. विरळ हवेच्या घर्षणानं त्याची कक्षा खाली येत गेली, आणि त्याला वर उचलणारं यान बनवण्याचं काम नासानं २०२५ मध्ये एका खासगी कंपनीकडे दिलं. ॲस्ट्रोसॅट पाच वर्षांसाठी आखला होता, त्यानं दहा वर्षं ओलांडली. आयआयटी मुंबईच्या पुढाकारानं ‘दक्ष’ नावाच्या जोड उपग्रहांचा प्रस्ताव मांडला गेला आहे. सगळ्या आकाशावर सतत नजर ठेवणं हेच त्यांचं काम असेल. अशा प्रस्तावांवर निर्णय घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. नजर हटली त्या वेळी झालेला स्फोट पुन्हा होत नाही. त्याचा प्रकाश पृथ्वीला ओलांडून पुढे गेलेला असतो. पुढच्या अर्थसंकल्पात पैसे दिले, तरी तो परत येत नाही.

रात्री तीन वाजता कॅज्युअल्टीतली रिकामी खाट पाहून मला कधी ती जागा वाया गेल्यासारखं वाटलं नाही. ती खाट रिकामी आहे म्हणूनच सव्वातीनला येणाऱ्या रुग्णाला मिळते.

म्हणून शेवटी डॉक्टर या नात्यानं एक सांगणं. छातीत कळ आली, डावा हात भरून आला, दरदरून घाम फुटला, किंवा तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, आणि मग ते आपोआप थांबलं, तर ‘थांबलं ना, मग बरं’ असं म्हणून सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. नेमकं किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवून सांगा, आणि घराचा पत्ता नीट सांगा. आम्ही ड्यूटीवर असतोच. पहिल्या तासांत जे करता येतं, ते दुसऱ्या दिवशी करता येत नाही. दुखणं थांबलं तरी धग उरलेली असते. ती पाहायला वेळेवर या.